जावयाचा ड्रोन

छिन्नीबाई हे तिचं खरं नाव नव्हे, कामावरच्यांनी ठेवलेलं. बाप पाथरवट, म्हणून तीही पाथरवट. छप्पन्न वर्षांची झाली तरी परांचीवर चढताना कुणाचा हात धरत नसे. शहरातल्या जुन्या, संरक्षित मनोऱ्याच्या दगडी जाळीचा फुटका भाग तिने आठ महिने खपून नव्याने घडवला होता.

त्या रविवारी दुपारी ती वर एकटीच सांधे तपासत होती. कानाशी भुणभुण ऐकू आली. वळून पाहते तो ड्रोन! वाऱ्याचा झोत आला, ते यंत्र भेलकांडलं आणि थेट जाळीवर आदळलं. तिने घडवलेला भाग शाबूत राहिला. शेजारचं मूळचं फूल, शेकडो वर्षांचं, तुटून खाली फरशीवर पडलं. तिथून दोन हातांवर एक बाई लेकराला पाणी पाजत होती.

छिन्नीबाई तरातरा खाली उतरली. फाटकाबाहेर रिमोट घेऊन उभा होता तिचाच जावई.

"आई, तुमच्याच कामाचा व्हिडिओ काढत होतो," तो चाचरत म्हणाला. "तुमच्या वाढदिवसाला द्यायचा होता."

"परवानगी काढली होती?"

"पाच मिनिटांचं तर काम. त्यात आपण घरचेच..."

"ड्रोनबंदीची ही एवढी मोठी पाटी दिसली नाही?"

"ती बाहेरच्यांसाठी असते ना."

लेकीच्या लग्नाला सहा वर्षं झाली, पण जावयाला तिने कधी अरे-तुरे केलं नव्हतं. आज जिभेचा लगाम सुटला.

"घरचा तू माझा आहेस, मनोऱ्याचा नाहीस! माझं काम फुटलं असतं तर पुन्हा घडवलं असतं मी. हे फूल ज्यानं कोरलं, त्याला आता कुठून बोलावू? आणि त्या लेकराच्या डोक्यात पडलं असतं तर?"

दंडाला धरून तिने त्याला मनोऱ्याच्या आवारातल्या देखभाल कार्यालयात नेलं. साहेबांनी सगळं ऐकून चष्मा पुसला. "अहो बाई, घरातलंच प्रकरण आहे. वाऱ्यानं पडलं असं लिहून टाकू."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वाऱ्यानं? मग मी आठ महिने वर काय माश्या मारत होते? कागद द्या, मीच लिहिते."

तक्रार तिने स्वतःच्या हाताने लिहिली. जावयाचं नाव, नातं, सगळं. ड्रोन जप्त झाला, खटला उभा राहिला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, तुला दगड जवळचा की आम्ही?"

"दगडाला तोंड नाही. तुम्हाला आहे," असं म्हणून तिने फोन ठेवला आणि कितीतरी वेळ भांडी आदळत राहिली.

तीन महिने लेक माहेरी फिरकली नाही. जावयाने मात्र सुनावणीत कुठलीही सबब न सांगता चूक कबूल केली. बाहेर आल्यावर तो तिच्यापाशी आला. "आई, आमच्या ड्रोन उडवणाऱ्यांच्या गटाला एकदा येऊन सांगाल? अशा जागी आधी कुणाला विचारायचं, किती लांब राहायचं..."

"येईन. पण गोड बोलणार नाही."

ती गेली आणि तिने तासभर सगळ्यांना फैलावर घेतलं. लेक शेवटच्या रांगेत बसली होती. ती आईशी एका शब्दानं बोलली नाही. छिन्नीबाईनंही आपणहून हाक मारली नाही. राग तिचाही अजून उतरला नव्हता.