पडद्यावरचा लचकू

शेवंती जन्मली तेव्हा सुईणीने दोनदा पाहिलं आणि मग ‘चेडू’ म्हणून सांगितलं. तारकर्लीत ती मुलगी म्हणूनच वाढली. पण वयात येता येता तिचा आवाज फुटला, ओठावर लव आली. लग्न लागलं, आणि पंधरवड्यात सासरच्यांनी तिला परत आणून सोडलं. आईवडील गेल्यावर ती एकटी राहिली. खाडीत नारळाची सोडणं कुजवायची, कुटून काथ्या काढायची, सुंभ वळायची. गावाला सगळं ठाऊक होतं. तोंडावर कुणी बोलत नसे. तिच्याकडे येऊन बसायची ती एक शेजारची इझाबेल.

सत्तावन्न साली मालवणात तंबूतला सिनेमा आला. इझाबेलने तिला हट्टाने नेलं. सिनेमात लचकू नावाचं पात्र होतं, साडी नेसलेलं, दाढीचे खुंट वाढलेलं. ते लग्नघरात शिरलं आणि लोकांनी त्याला चपलांनी बडवून हाकललं. तंबूभर हशा उसळला. शेवंतीही हसली. मग तिचं लक्ष गेलं, इझाबेल खाली मान घालून बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून बाजारात शेवंतीला लचकू म्हणून हाका येऊ लागल्या. इझाबेल एकेकाशी भांडली. दुकानादुकानात वाद झाले. गंमत ती गंमत, मनाला काय लावून घ्यायचं, असं बरेच म्हणाले. ज्यांना वाईट वाटलं ते हळूच बोलले. शेवटी दोघी भरदुपारी तंबूवाल्या सत्यवानाकडे गेल्या.

“लचकूचो तेवढो भाग कापून टाक,” इझाबेल म्हणाली.

“ता कापलंय तर तंबूत कोण येतलो?”

शेवंतीने वेगळंच विचारलं. “तेका भायर काढल्यानी, मगे तो खंय गेलो?”

“कोण?”

“लचकू. तेका जेवूक कोणी वाढल्यान?”

सत्यवान गोंधळला. “सिनेमात फुडे काय नाय गो. तो थंयच संपलो.”

पावसाआधी तंबू उठून वेंगुर्ल्याला गेला. नाव मात्र मागे राहिलं. शेवंतीने बाजार सोडला; सुंभ इझाबेल विकून आणी. पाचेक वर्षांनी इझाबेलला मुलाने मुंबईला बोलावलं. बोटीत चढण्याआधी तिने शेवंतीचा हात धरला. “चल माझ्यावांगडा.”

“नको गो. थंय पडदे हेच्यापेक्षा मोठे आसतले.”

मग सुंभ न्यायला मालवणचा गाडीवान दारात येऊ लागला. नवखा होता, तंबू उठून गेल्यावर मालवणात आलेला. एकदा त्याने नाव विचारलं.

“शेवंती.”

त्याने मान हलवली, भारे गाडीत टाकले, बैल वळवले. त्या दिवशी ती तेवढंच बोलली.