होणाऱ्या सुनेबरोबर नर्मदेच्या पाण्यावर

पुणे स्टेशनवर माझ्या मुलानं, निखिलनं मला इंदूरच्या गाडीत बसवलं तेव्हा तो नेहमीपेक्षा जास्तच बडबडत होता. औषधं घेतलीस का, शाल वरच ठेव, तिकडे थंडी असेल. त्याला रजा मिळत नव्हती म्हणून साखरपुड्याची तारीख ठरवायला मी एकटीच देवासला निघाले होते. त्याचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली. सांगलीत आम्ही दोघंच असतो. मी पोस्टात नोकरी करते, तो कुपवाडच्या कारखान्यात. मध्यंतरी ट्रेनिंगसाठी काही महिने पीथमपुरला होता, तिथंच त्याची मुक्ताशी ओळख झाली. ती तिथल्या एका औषधांच्या कारखान्यात केमिस्ट आहे. फोनवर बोललो होतो, पण समोरासमोर भेटणार होतो ते पहिल्यांदाच.

सकाळी इंदूरला उतरले तर डब्यासमोरच एक उंच, सावळी मुलगी उभी. "काकू, मी मुक्ता. सफर कसा झाला? थकल्या तर नाही ना?" असं म्हणत तिनं वाकून नमस्कार केला आणि बॅग स्वतःच्या खांद्यावर टाकली. गाडी तीच चालवत होती. वाटेत एका ठेल्यावर पोहे खाल्ले. वाफेवरचे मऊ पोहे, त्यावर शेव, बडीशेप आणि शेजारी गरम जिलबी. आपल्याकडे पोह्यांबरोबर जिलबी म्हटलं तर लोक वेड्यात काढतील. मी दुसरी प्लेट मागितली तशी मुक्ता खुश झाली.

देवासच्या टेकडीखाली त्यांचं घर, पिढ्यानपिढ्या तिथंच राहिलेलं मराठी कुटुंब. वडील दारात उभे होते. "यावे विहीणबाई. आपण आलात, फार संतोष झाला," ते म्हणाले. असं मराठी मी लहानपणी आजोळच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं. पुढच्याच वाक्याला ते आतल्या बाजूला वळून म्हणाले, "अरे, चाय तो लाओ भई!" दोन्ही भाषा त्यांच्या तोंडात इतक्या सहज होत्या की मला ऐकत राहावंसं वाटलं. मुक्ताची आई मात्र हळू बोलणारी. ती सारखी मला वाढत होती.

जेवताना मुक्ता म्हणाली, "काकू, उद्या माझी सुट्टी आहे. मनावर गावाच्या पुढे नर्मदेवरच्या धरणाचं बॅकवॉटर आहे, तिथे मी नीबोर्डिंग करते. चलाल माझ्यासोबत?"

तिच्या आईचा हात वाढता वाढता थांबला. "मुक्ता! हे काय बोलणं झालं का?"

बोटीच्या मागे दोर बांधतात, आपण एका फळीवर गुडघे टेकून बसायचं आणि बोट आपल्याला पाण्यावरून ओढत नेते, असं मुक्तानं समजावलं. मी लहानपणी कृष्णेत पोहायला शिकले, ते पोहणं मी विसरलेले नाही. शिवाय ही मुलगी ट्रेमधून चहा आणणारी म्हणून नव्हे, तिच्या जागेवर कशी आहे ते मला पाहायचं होतं. मी "चल" म्हणाले. वडील म्हणाले, "आपली इच्छा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. पीथमपुरच्या रस्त्याला कारखान्यांच्या पाळीच्या बसगाड्यांची रांग होती. "मी रोज यातल्याच एका बसमध्ये असते," मुक्ता म्हणाली. धार मागे पडलं आणि घाट उतरायला लागलो. माळव्याची काळी माती आणि हरभरा वर राहिला, खाली निमाडात हवा एकदम उबदार झाली. मी शाल काढून ठेवली. दोन्हीकडे कापूस फुटलेला, अंगणांत लाल मिरच्या वाळत घातलेल्या. मनावर गाव मागे पडलं आणि काही वेळानं शेतांच्या कडेला पाणी दिसलं. त्याला पलीकडचा काठ असा नव्हताच, निळसर डोंगर तेवढे होते.

बोट दिलीपभियांची. (भिया म्हणजे इकडचा दादा.) दूर पाण्यातून काही वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आले होते. तिकडे जाता येतं का, मी विचारलं. "नहीं माताजी, उधर नीचे हमारा पुराना गाँव है," ते म्हणाले आणि इंजिनाला डिझेल पाजू लागले.

मुक्तानं माझ्यासाठी तिची ट्रॅकपँट आणि लांब बाह्यांचा टीशर्ट आणला होता. वर तरंगायचं जाकीट तिनं स्वतः आवळून बांधलं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ती शिकवू लागली. "आधी पोटावर झोपायचं, कोपरं फळीवर. हात सरळ. बोट तुम्हाला ओढेल, तुम्ही दोर नका ओढू. फळी पाण्यावर सरळ पळायला लागली की एक-एक गुडघा पुढे घ्यायचा, मग टाचांवर बसायचं, वज्रासनासारखं. मग हा पट्टा मांड्यांवरून. आणि पडल्या तर दोर फौरन सोडायचा."

हे सगळं मला समजलं होतं. बोट निघाली आणि काहीच आठवेना. मी दोर छातीशी ओढला, फळीचं नाक पाण्यात घुसलं आणि मी पालथी झाले. वर दोर तसाच घट्ट धरून ठेवला! बोट मला पाण्यातून फरफटत नेत होती, नाकातोंडात नर्मदा, आणि कुठूनतरी दोघांचा एकदम ओरडा, "छोड़ो! सोडा!" सोडला. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या वेळी एक गुडघा आला, दुसरा आणताना डावीकडे कलंडले. तिसऱ्या वेळी दोन्ही आले, पण मी आनंदानं खाली वाकून गुडघ्यांकडेच पाहिलं आणि पुन्हा डोक्यावर पाणी.

काठावर चहा प्यायला बसलो. दंड थरथरत होते. मुक्तानं माझ्या पाठीवर टॉवेल टाकला आणि समोर बसली. आता ती हसत नव्हती.

"काकू, एक बात आहे. निखिलनं तुम्हाला सांगितलं नाही ना?"

"काय?"

"लग्नानंतर मी सांगलीला नाही येणार. माझी नोकरी इथे आहे, मला ती सोडायची नाही. निखिलला पीथमपुरला जॉब मिळाला आहे. त्यानं हो म्हटलं आहे."

मी कप खाली ठेवला. गेल्या उन्हाळ्यात मी वरच्या मजल्यावर त्यांच्यासाठी खोली बांधून घेतली होती. फरशीचा रंग निखिलनंच निवडला होता.

"मग तू का सांगतेस? त्यानं सांगावं."

"तो रोज म्हणतो, आज सांगतो. तुम्ही तारीख ठरवून जाल आणि मग तुम्हाला कळेल, तर मी तुम्हाला धोका दिल्यासारखं होईल. आता तुम्ही नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे... चालणार नाही. पण मी समजून घेईन."

मला राग आला होता. तिचा थोडा, मुलाचा फार. त्या मुलीसमोर काही वेडंवाकडं बोलून जाईन अशी भीती वाटली. म्हणून उठले आणि म्हणाले, "चल. अजून एकदा."

या वेळी मी कशाचाच विचार केला नाही. हात सरळ ठेवले. बोटीनं वेग घेतला, फळी उचलली गेली, उजवा गुडघा आला, डावा आला. टाचांवर बसले. पट्टा ओढून घेतला आणि मान वर केली. वेगात पाणी मऊ नसतं, फळीखाली ते खडखडत होतं, माझे दात वाजत होते. पुढे बोटीत मुक्ता दोन्ही हात वर करून नाचत होती. आणि मी, तिच्यावर रागावलेली, मोठमोठ्यानं हसत होते.

दमले तेव्हा दोर सोडला. फळी मंद झाली, हळूहळू पाण्यात बसली. बोट वळून परत येईपर्यंत मी तिथं एकटी होते. इंजिनाचा आवाज लांब गेला होता. निखिल इथं येणार. हे डोंगर, हे पाणी त्याला रोजचं होणार आणि मला नाही. पण ही मुलगी गप्प बसू शकली असती, हेही तेव्हाच मनात आलं. साखरपुडा होईपर्यंत गोड बोलून राहणं तिला काही अवघड नव्हतं.

परतताना धारजवळ पानिया खाल्ला (मक्याच्या पिठाची जाड भाकर, पानांत गुंडाळून गोवऱ्यांवर भाजलेली), वरून डाळ आणि तूप. भूक इतकी होती की बोलणं खाऊन झाल्यावरच सुरू झालं.

"तुझ्या आईवडिलांना माहीत आहे हे?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. "तुम्हाला आधी सांगायचं होतं."

संध्याकाळी देवासला तिच्या वडिलांनी पंचांग काढलं. मुक्ता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, चेहरा उतरलेला. मी म्हणाले, "तारखेआधी एक गोष्ट. मुक्ता नोकरी सोडणार नाही. दोघं इकडेच राहणार आहेत. निखिल पीथमपुरला येतोय."

वडिलांनी चष्मा काढला. "हे कसे शक्य आहे? आपल्यात मुलगी सासरी जाते. आपण एकट्या तिकडे, आणि चिरंजीव आमच्या दारी? लोक काय म्हणतील?"

"सासर म्हणजे आता मीच ना?" मी म्हणाले. "मग सासरचं माणूस सांगतंय, राहू दे तिला."

मुक्ताची आई उठली, आतून साखरेची वाटी घेऊन आली आणि माझ्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली. त्या दोन दिवसांत ती पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहून हसली. तारीख माघातली निघाली.

सांगली स्टँडवर निखिल घ्यायला आला होता. माझे हात खांद्याच्या वर जात नव्हते, बॅग त्यानंच उतरवून घेतली.

"काय ठरलं, आई?"

"साखरपुडा माघात. आणि तू पीथमपुरला जातोस, तेही ठरलं."

तो रस्त्यातच थांबला. मागून रिक्षावाला ओरडला तरी हलेना. "तिनं सांगितलं?"

"तिनं. तू नाही."

घरी आल्यावर तो खूप वेळ बोलत होता. मी एकटी पडेन म्हणून धीर होत नव्हता, म्हणाला. मी एकटी पडणारच आहे, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, हे मी त्याला सांगितलं. वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. पण तो जिच्याबरोबर राहणार आहे ती अवघड गोष्ट तोंडावर सांगणारी आहे, हे मी स्वतः जाऊन पाहून आले. नुसत्या फोनवर ते मला कळलं नसतं.

दंड आठवडाभर दुखत होते. पोस्टातल्या मैत्रिणी विचारायच्या, तिकडून काय एवढं उचलून आणलंस? सून आणायला गेले होते, मुलगा देऊन आले, असं मी त्यांना हसत सांगते. ते हसू बहुतेक वेळा खरं असतं.