मेल्यावर हसायचं असतं

नायकाचा बाप म्हणून मी इतक्यांदा मेलोय की आता मोजणं सोडून दिलंय. मध्यंतराच्या आत मला हार्ट ॲटॅक तरी येतो नाहीतर जमीनदाराची गोळी तरी लागते. मग नायक सूड उगवायला मोकळा. पडद्यावर माझं मरण बघून बायको "आज बरे मेलात" एवढंच म्हणायची आणि कुकर लावायला उठायची. तिचा तरी काय दोष? माझा चेहरा लोकांना ओळखीचा वाटतो, नाव मात्र कुणालाच आठवत नाही.

नव्वदच्या आगेमागे मी पनवेलला राहायचो. शूटिंग जवळपास असलं की हमखास बोलावणं यायचं. नट चांगला म्हणून नव्हे, गाडी पाठवावी लागत नाही म्हणून. तसाच एकदा उलव्याकडच्या एका खाडीकाठच्या गावात गेलो. प्रसंग नेहमीचाच. अंगणात मी तिरडीवर, भोवती रडणाऱ्या बायका.

बायका गावातल्याच घेतल्या होत्या, पण रडायला एकही तयार होईना. "जित्या मानसावर रडू नाय," त्या म्हणाल्या. दिग्दर्शक अगदी हातापाया पडला, तेव्हा पन्नाशीची एक बाई पुढे आली आणि माझ्या उशाशी बसली.

कॅमेरा सुरू झाला. तिनं माझ्या छातीवर हात ठेवला आणि असा हंबरडा फोडला की माझ्या मिटल्या डोळ्यांत पाणी आलं. "अवो, कुठं होताव इतके दिस? किती वाट बघाची मी?" हे संवाद कुणी लिहून दिलेले नव्हते. मेलेल्या माणसाला शोभणार नाही इतका मी खूश झालो. जन्मात पहिल्यांदा माझ्या मरणाला कुणी किंमत दिली होती.

आमच्या धंद्यात एक रिवाज आहे. मेल्याचा शॉट संपला की नटानं तिथल्या तिथं डोळे उघडून कॅमेऱ्याकडे बघत हसायचं, म्हणजे अपशकुन टळतो. कट झालं, सहायक ओरडला, "काका, हसा!" आणि मी सवयीनं बत्तीशी दाखवली. बाईचा हात अजून माझ्या छातीवरच होता. चटका बसल्यासारखा तिनं तो काढून घेतला आणि ती उठून गेली.

चहाच्या वेळी त्या अंगणाच्या मालकानं सांगितलं. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी मासे धरायला खाडीत गेला होता. होडी सापडली, तो सापडला नाही. अग्नी द्यायलाही काही हाती लागलं नाही.

मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. कसला नट मी? छातीवर पडलेलं खरं रडणं मला ओळखता आलं नाही, आणि वर दात काढले. स्वतःची शिसारी आली. तिची माफी मागितल्याशिवाय पनवेलला परतायचं नाही असं ठरवलं आणि कपाळावरचा गुलाल पुसून तिच्या दारात गेलो.

ती अंगणात जवळा वाळत घालत होती.

"ताई, चुकलं माझं," मी म्हणालो. "तसं हसायचा आमच्यात रिवाज आहे. तुमची थट्टा नव्हती केली."

"असंल," ती म्हणाली. हात चालूच होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पन वाईच पडून राहाचा होता ना. माझा रडून नवता झाला."