दोघांना विचारल्याशिवाय ओळ लिहायची नाही

वामनराव गजभियेंनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आले आणि वर्षभरात त्यांचे ब्रश वाळले. दुसरा एखादा खाटेवर पडून जमान्याला शिव्या देत बसला असता. सहा महिने तेही बसले, खोटं कशाला बोलू? पण एक दिवस माझ्या दारात आले. "कुसुमताई, विहारामागची खोली शनिवार-रविवार रिकामी राहते. मले मागून द्या. लहान पोराईचं अक्षर सुधरवतो."

मी सक्करदऱ्याच्या या वस्तीत तेवीस वर्षं काम करते. आठवी नापास आहे, बाकीचं मोर्चात शिकले. विहार समितीकडून खोली न भांडता मिळाली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पहिल्या दिवशी चौदा पोरं आली, पहिली-दुसरीतली. दुरेघी वह्या उघडल्या आणि सवयीप्रमाणे सगळ्यांनी 'कमळ छान आहे' लिहायला सुरुवात केली. शाळेत तेच दहादा लिहायचं असतं.

"कमळ कोणी पाह्यलं का बे?" वामनरावांनी विचारलं.

कोणीच नाही.

"मंग रोज काय पाह्यता?"

"नळ!" गार्गी ओरडली. दात पडलेली, आवाज मात्र माझ्यासारखा.

"नळ सोडते कोण?"

चौदातल्या एकालाही माहीत नव्हतं. पोरं उठली, गल्लीत गेली, विचारून आली. मग ओळ तयार झाली, 'आमच्या गल्लीचा नळ अश्विनकाका सोडतात.' ती दहा वेळा, वळणदार अक्षरात. पुढच्या शनिवारी रस्ता कोण झाडतं, ते. मग मतदार यादी म्हणजे काय. मग आपली वस्ती इथे कधी आली आणि कोणत्या गावाहून. अक्षर गिरवता गिरवता पोरांना वस्ती पाठ होत गेली. शाळेत याला परिसर अभ्यास म्हणतात आणि पुस्तकातल्या चित्रावर उरकतात.

वामनरावांचा नियम एकच होता. दोन माणसांना विचारल्याशिवाय ओळ वहीत जायची नाही. पूर्वी एका कंपाउंडरच्या तोंडी भरवशावर त्यांनी डॉक्टरची डिग्री चुकीची रंगवली होती, अख्खी पाटी खरवडावी लागली. तेव्हापासूनची ही खोड.

पण दुसरी एक खोड त्यांना नडली. पेंटर माणूस पाटीवर डावीकडून सुरू करत नाही. खडू लावलेला दोरा ताणून रेघ मारतो, अक्षरं मोजतो, मधलं अक्षर मधोमध ठेवतो आणि तिथून दोन्हीकडे सरकतो. वर्गातल्या फळ्यावरही ते तसंच लिहायचे आणि पोरं त्यांचा हात बघत होती. रितिका नावाच्या दुसरीतल्या पोरीने शाळेच्या चाचणीत सगळी उत्तरं तशीच लिहिली. ओळीच्या मधून सुरुवात, मग थोडं इकडे, थोडं तिकडे. डावीकडे जागा संपली तेव्हा उरलेली अक्षरं समासात चढवून दिली. बाईंनी पानभर लाल गोळे केले.

रितिका ही विहार समितीचे सचिव आनंदराव यांची नात. ते पेपर फडकवतच आले. "वामन, पोरगी मधातून लिवते! उद्या जेवायले बसली तं पोळी मधातून खाईन!"

वामनरावांनी पेपर हातात घेतला, लांब धरून नीट पाहिला. "पाटीवर असतं तं एक नंबर होतं गा."

मला हसू आवरेना. आनंदराव आणखी तापले. मग वामनरावांनी स्वतःचा कान धरला. "चूक माही हाये. वही वेगळी, पाटी वेगळी, हे मी सांगतलंच नाही."

पण गोष्ट पेपरवर थांबली नाही. रविवारी वंदनेनंतर समिती बसली, वर्गाला आलेली पोरंही वह्या घेऊन तिथेच होती. मिहानच्या आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्या एका पोराला त्या खोलीत कॉम्प्युटर क्लास घ्यायचा होता. आनंदरावांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "नुसतं अक्षर शिकव. पोराईले घरोघरी चौकश्या करत हिंडवू नको. जमत नसन तं खोली खाली कर."

मी ताडकन उठले. "उद्यापासून मी विहारासमोर उपोषणाला बसते!"

"उद्या बसा, पण आज खाली बसा वं ताई," वामनराव म्हणाले. मग हळूच, मला एकटीलाच ऐकू येईल असं, "खोली गेली तं मी पुन्हा खाटेवर." पण आनंदरावांकडे वळले तेव्हा आवाज ताठ होता. "पाटीमांगं दुकानच नसन तं अक्षर कायले काढू? नुसतं वळण मी नाही शिकवत."

"मंग पोरं माह्यं ऐकतात का पाहू." आनंदराव पोरांसमोर उभे राहिले. "वह्या काढा. लिवा. हे विहार समितीने सन एकोणीसशे पंच्याऐंशीत बांधले."

चौदा पेन्सिली कागदावर टेकल्या आणि थांबल्या.

"लिवत काहून नाही?"

गार्गी उभी राहिली. "एकानंच सांगतलं ना."

"अवं पोरी, मी सचिव हाये!"

"हो, पण एकच हाये ना तुमी."

सभा खदखदून हसली. बायकांच्या बाजूने बायजाबाईंनी काठी टेकली. पंच्याहत्तरीची बाई, सभेत कधी तोंड न उघडणारी. "दुसरी मले विचार ना, बाई. पंच्याऐंशी नाही, एक्याऐंशी. अन् समिती होती कोठी तवा? दर रविवारी भट्टीवरून आमी अकरा जणींनी डोक्यावर विटा आणल्या. आनंदा, तुही माय धुरपता माह्या पुढं चाले. तू नाक पुसत मांगं."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. विहाराच्या दारावरच्या दगडात बांधणारे म्हणून पाच नावं कोरलेली आहेत, पाचही पुरुषांची. आनंदराव त्या दगडाखालून रोज ये-जा करतात.

ते नातीजवळ खाली बसले. "लिव, बेटा. धुरपताबाई." रितिकेची पेन्सिल ओळीच्या मध्यावर गेली. "डावीकडून, डावीकडून," ते म्हणाले.

मग उभं राहून समितीला सांगून टाकलं, कॉम्प्युटर क्लास सोमवार ते शुक्रवार, शनिवार-रविवार खोली वामनची. कोणी हरकत घेतली नाही. घेतली असती तर मी होतेच.

मी जन्मभर घोषणा दिल्या, निवेदनं लिहिली, ठाण्यात रात्र काढली. सात वर्षांची पोरगी सचिवाला भरसभेत पुरावा मागते, हे मला कधी जमलं नव्हतं. छाती फुगली माझी. लपवत नाही.

आतापर्यंत अकरातली नऊ नावं पोरांनी शोधून लिहिली आहेत. उरलेल्या दोघींची नावं बायजाबाईंना आठवत नाहीत. पण अकरातली एक मैत्रीण कुहीला लेकीकडे राहते असं कळलंय. तिला आठवत असतील. परवाच्या शनिवारी वामनराव पोरांना एसटीने तिकडे घेऊन निघाले. मी सोडायला स्टँडवर गेले होते. आनंदराव आधीच खिडकीत बसलेले, मांडीवर पाण्याची कॅन, आणि चौदा जणांच्या पेन्सिलींना टोकं करत होते.