वर्गातली झोळी

घोटीहून आईने पाठवलेला तांदूळ शिजायला लागला, की नाशिकच्या माझ्या फ्लॅटमध्येही भाताच्या आवणीतल्या चिखलाचा वास येतो. आवणी सुरू झाली, की तान्ह्या भावाला सांभाळायला मी घरी राहायचे आणि शाळा बुडायची. एकदा आमच्या बाई थेट बांधावर आल्या. आई रोपं लावता लावता म्हणाली, "आवणी हाय बाई. पोराला कोण बघंल?"

"त्यालाही पाठवा हिच्याबरोबर," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आईच्या लुगड्याची झोळी वर्गातल्या वाशाला टांगली. पोरं हसली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता मात्र एवढंच डोळ्यांसमोर येतं: फळ्यावर गणित सोडवायची माझी पाळी आली, की झोळीची दोरी बाई स्वतःच्या हातात घ्यायच्या.