टायगरचं पायी दर्शन

वैद्यकाच्या पवित्र व्यवसायात मत्सराला जागा नाही. माझ्या मनात तर ती मुळीच शिल्लक नाही. वर्गमित्र श्रीधरनं सोलापुरात एसी दवाखाना काढला, त्याच दिवशी ती भरली. त्याच्याकडं सोनोग्राफी मशीन आहे. माझ्याकडं, नळदुर्गच्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात, एक जुना मायक्रोस्कोप.

हायवेवरच्या ढाब्याचे मालक शिवाप्पा आपल्या टायगरला घेऊन आले. केरळकडच्या एका ट्रक ड्रायव्हरनं त्यांना दिलेला कुत्रा. खोकत होता, दहा पावलांत बसत होता. मी रक्ताचा थेंब काचेवर घेतला. त्यात जंतांची बारीक पिल्लं वळवळत होती. हार्टवर्म. हा डासांमुळं होतो. नाव हृदयाचं असलं, तरी मोठे जंत बहुतेक हृदयातून फुप्फुसाकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत राहतात, शेवयांसारखे. त्यांच्यामुळं नळीचं आतलं अस्तर सोलवटतं, सुजतं. नळी जाड, अरुंद होते आणि हृदयाला जादा जोर लावावा लागतो.

पुढचे उपचार माझ्याकडं नव्हते. नाइलाजानं श्रीधरला चिठ्ठी दिली.

काही दिवसांनी शिवाप्पा जाडजूड फाईल घेऊन आले. मोठे जंत मारायची इंजेक्शनं झाली होती.

"लई मोठा डॉक्टर हाय. टीव्हीवर टायगरचं काळीज दाखवलं."

जंतांची पिल्लं मीही दाखवली होती. टीव्हीवर नव्हे, एवढंच.

"आता रविवारी ह्याला खंडोबाला चालत नेतो. नवस हाय."

मी फाईल चाळली. मेलेले जंत तुटतात. कुत्रा चालला, पळाला, की रक्ताच्या जोरानं तुकडे फुप्फुसात जाऊन नळ्या तुंबवतात. म्हणून कित्येक आठवडे त्याला बांधूनच ठेवायचं. श्रीधरनं ते लिहिलं होतं. इंग्रजीत, तिसऱ्या पानावर. टायगर वाटेत मेला, तर नाव श्रीधरचं जाणार होतं. हा विचार मी केला, आणि तो मला आवडलाही.

टायगर माझ्या बुटावर हनुवटी टेकून धापा टाकत होता.

"चालवलंत तर देवळापर्यंत पोचायचा न्हाय," मी म्हणालो.

"खंडोबाचं कुत्रं हाय, डॉक्टरसाब. देव बघंल की."

"देवानंच लिहून घेतलंय. पान तीन, वाचून दाखवतो."

रविवारी शिवाप्पा एकटेच चालत गेले, हातात टायगरचा गळपट्टा घेऊन. भंडारा पट्ट्यालाच लावला.

टायगर वाचला. रक्तवाहिन्या पूर्ववत होणार नाहीत, अधूनमधून खोकतो. यातून मी शिकलो ते इतकंच, की कुत्र्याला बसवून ठेवणं एक वेळ जमतं, मालकाला बसवणं अवघड.

ढाब्याच्या गल्ल्यामागं श्रीधरचा फोटो लागला आहे. मी दिसलो की टायगर खाटेखाली जातो. श्रीधर जेवायला आला, तरी जातो. ते मी मुद्दाम थांबून पाहिलं.