दोन शिट्ट्यांचं शीर्षकगीत

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, धुळ्यातलं मंगल कार्यालय, भाचीची पाठवणी. हजर: आई, मी, बहीण, मेहुणे, नवरा-नवरी आणि शिंदखेड्याचे बँडवाले आबा. आबा आता फुंकत नाहीत. बँड नातू चालवतो.

आमच्या घरच्या मुली सासरी निघतात त्या एका विनोदी मालिकेच्या शीर्षकगीतावर. ही आईची पद्धत. आम्ही शिंदखेड्याला शाळेत होतो तेव्हा ती मालिका लागायची. तोवर टीव्हीवरच्या सुना रडायच्या, या मालिकेतली सून सासूला टाळी द्यायची. गल्लीतल्या बायका भाकरी आटोपून आमच्याकडे जमायच्या. लग्नसराईत लोक बँडकडे तेच गाणं मागू लागले. आबांकडे टीव्ही नव्हता, म्हणून आईने टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून त्यांना गाणं भरून दिलं. आम्हाला गप्प बसवलं, पण गॅसवरचा कुकर विसरली. दुसऱ्या ओळीनंतर दोन शिट्ट्या झाल्या.

आबांनी कॅसेट ऐकून गाणं बसवलं आणि क्लॅरिनेटवर त्या दोन शिट्ट्याही बसवल्या. मालिका विनोदी, तेव्हा शिट्ट्या असणारच, असं त्यांना वाटलं असावं. त्या कुकरच्या आहेत हे त्यांना सांगायचा आईला संकोच वाटला. पुढे तालुक्यातले बाकीचे बँडही तसंच वाजवू लागले. माझ्या पाठवणीत मी रडायच्या बेतात होते, तेवढ्यात शिट्ट्या झाल्या आणि विहीणबाईंसकट सगळे हसले. तेव्हापासून आईने हे गाणं पाठवणीसाठी राखून ठेवलं. मुलगी हसत निघाली पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं.

नातवाने गाणं मोबाइलवरून बसवलेलं, अगदी मुळाबरहुकूम. दुसरी ओळ संपली, तिसरी सुरू झाली. भाचीचे डोळे भरले, बहिणीने पदर तोंडाला लावला. आईने माझा हात घट्ट धरला.

आबा खुर्चीतून उठले आणि हात वर करून बँड थांबवला.

"बठ्ठं बराबर शे, पन शिट्टी कोठे शे?"

नातू म्हणाला, "सगळं बरोबर असणारच, आबा. शिट्टी मूळ गाण्यात नाही."

"ती कुकरची होती, आबा," आई म्हणाली. इतक्या वर्षांनी.

आबांनी तिच्याकडे पाहिलं. "माले ठाऊक शे, अक्का. आमना घर बी कुकर शे."

मग त्यांनी नातवाला जागा सांगितली, बोटाने ताल धरला. दुसऱ्या ओळीनंतर क्लॅरिनेट दोनदा किंचाळलं. भाची नाक पुसता पुसता हसली आणि तशीच गाडीत बसली. आईने माझा हात सोडला.

माझ्या यादीतली त्या दिवशीची सगळी कामं झाली, एक सोडून. 'गाणं रेकॉर्ड करणे' यापुढे खूण नाही, कारण फोन पर्समध्ये होता आणि मी हसत होते. जुनी कॅसेट केव्हाच टेपमध्ये गुंतून गेली. धाकट्या भाचीसाठी स्थळं बघणं सुरू आहे. इथून, जळगावहून, शिंदखेड्याला जाऊन आबांच्या बँडसमोर फोन धरायचा, हे तीन रविवार यादीत पहिल्या ओळीवर आहे. अजून गेलेले नाही.